डाव्या हाताचा दाब

विमान घरी बांधायला घेणारी माणसं मुळातच जरा सटकलेली असतात, आणि कोल्हापूरकडची असतील तर विचारूच नका. इथल्या माणसाला लेथ मिळाली की तो आधी पंप करून बघतो, मग मोटरसायकल, आणि तेही झालं की त्याचं डोकं आभाळात जातं. दोन हजार बेचाळीस सालात सरकारनं घरी बांधलेल्या विमानांचे नियम सैल केले आणि पाच-सहा वर्षांत वाघजाईच्या माळावर साठ विमानं उभी राहिली. कुणी डॉक्टर, कुणी फाउंड्रीवाला, कुणी दूधसंघातून निवृत्त झालेला साहेब. पंख स्वतः बांधणार, इंजिन स्वतः बसवणार, रंगसुद्धा स्वतःच मारणार. पण फ्लॅपच्या तेलाची जुळणी करायची वेळ आली की सगळे मुकाट एकाच माणसाकडं यायचे. त्याचं नाव सुकुमार मगदूम.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला असलेली लांब झडप. डाव्या पंखाला एक, उजव्या पंखाला एक. विमान उतरायला आलं की या झडपा खाली येतात, पंखाचा बाक वाढतो, आणि वेग कमी झाला तरी विमान हवेवर टेकून राहतं. झडपा हलतात तेलाच्या दाबानं. एकाच पंपातून तेल निघतं, त्याला दोन फाटे फुटतात, आणि प्रत्येक फाट्यावर एक बारीक स्क्रू असतो. तो आवळला की तेलाची वाट अरुंद होते आणि झडप सावकाश हलते, सैल केला की पटकन हलते. खेळ सगळा एवढाच, पण जीवघेणा. दोन्ही झडपा सारख्याच वेगानं हलल्या पाहिजेत. एक मिटली आणि दुसरी खालीच राहिली, तर एक पंख उचलला जातो, दुसरा पडतो, आणि विमान कुशीवर वळतं. उंचावर असाल तर सावरता येतं. जमिनीलगत असाल तर नाही.

झडप किती अंश उघडली हे मोजायला साधनं आहेत. पण हलताना ती कशी हलते, नळीत हवेचा बुडबुडा अडकलाय का, सील कोरडं पडलंय का, हे हातालाच कळतं. सुकुमार पंखामागं उभा राहायचा. डाव्या पंखाशी असला की उजवा हात पंखाच्या बुंध्याजवळच्या स्क्रूवर आणि डाव्या हाताची बोटं झडपेच्या कडेवर. उजव्या पंखाशी गेला की हातांची अदलाबदल. कुणीतरी आत बसून पंप मारायचं आणि हा डोळे मिटून म्हणायचा, "हं, अजून. थांब. हवा आहे आत. काढ." त्याच्या बोटांनी पास केलेलं विमान कधी कुशीवर वळलं नव्हतं.

त्याचे उस्ताद बाबालाल मिस्त्री यांनी त्याला एक शिस्त घालून दिली होती. जुळणी झाली की पाठ फिरवून, विमानाच्या शेपटीकडं तोंड करून उभं राहायचं आणि तीच झडप दुसऱ्या हातानं पुन्हा तपासायची. याला ते 'उलटा हात' म्हणायचे. "माणसाचा एक हात नेहमी दुसऱ्यापेक्षा लबाड असतो," असं ते बजावायचे. सुकुमारनं उलटा हात कधी चुकवला नाही, निदान पुढं ते हातमोज्याचं वर्ष येईपर्यंत तरी नाही.

आता खोटं कशाला बोला, उलट्या हातानंच त्याची अब्रू राखली होती. तीस वर्षं त्यानं पत्र्यावर रिबिटा मारल्या होत्या. उजव्या हातात हवेची बंदूक आणि पत्र्यामागं डाव्या हातात डॉली, म्हणजे रिबीट दाबून बसवायला धरायचा लोखंडी ठोकळा. बंदुकीची सगळी धडधड त्या ठोकळ्यातून डाव्या बोटांत उतरायची. पन्नाशीनंतर बोटं थंडीत पांढरी पडायला लागली, मग मुंग्या, आणि मग एक दिवस मुंग्याही गेल्या. मुंग्या गेल्या तेव्हा त्याला आधी बरंच वाटलं होतं. चार दिवसांनी गरम चहाचा पेला डाव्या हातात धरून तो गप्पा मारत बसला, आणि बायको, विमल, ओरडली, "अहो, बोट भाजायलंय तुमचं!" तेव्हा त्याला कळलं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. विमलला शपथ घातली. डावी झडप तो अंदाजानं जुळवायचा, मग पाठ फिरवून उजव्या हातानं तपासायचा, आणि चूक निघाली की गुपचूप दुरुस्त करायचा. काम दुप्पट झालं, पण चोख राहिलं. ज्याचं नावच हातावर चालतं त्यानं हात गेला म्हणून कसं सांगायचं, हे ज्याचं त्यालाच कळावं.

त्याची एकुलती एक लेक पद्मजा. यंत्रांना शिकवण्याच्या विद्येत तिनं पुण्यात पदवी घेतली आणि बाहेर कुठं न जाता घरी परत आली. परत यायला एक कारण बापाचं होतं आणि दुसरं सन्मती चौगुलेचं. हा सन्मती म्हणजे माळावरचा सगळ्यात हसरा प्राणी. सात वर्षं खपून त्यानं आपलं दोन माणसांचं विमान बांधलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं टिटवी, कारण उतरताना ते फार आवाज करायचं. लग्नानंतर तो सासऱ्याला मामा म्हणायला लागला आणि रोज सकाळी माळावर येऊन त्याच्या डब्यातली भाकरी खायला लागला.

पद्मजाच्या डोक्यात एक दिवस आलं, ते तिनं जेवताना बोलून दाखवलं.

"अण्णा, तुमच्यामागं हे कोण करणार?"

"करतील की कोणतरी."

"कोण? चार पोरं शिकायला आली, चारीही पळून गेली. मला तुमचा हात साठवायचाय."

तिनं एक हातमोजा बनवला. पातळ, कातडीसारखा, आणि त्यात सहाशे दाबमापक, एकेक मोहरीपेक्षा बारीक. सुकुमारनं तसा एकेक दोन्ही हातांत घालून वर्षभर काम करायचं. कुठल्या क्षणी कुठलं बोट किती दाबलं आणि मग त्यानं स्क्रू किती फिरवला, हे सगळं टिपलं जाणार. त्यावरून एक छोटं यंत्र शिकणार. मग ते यंत्र थेट नळीत, स्क्रूच्या जागी बसवायचं. झडप हलताना तेलाचा जो विरोध जाणवतो तो ते यंत्र दर उड्डाणाला चाचपणार, आणि अण्णांच्या बोटांना जिथं समाधान वाटायचं तिथं येईपर्यंत वाट आवळणार किंवा सैल करणार. माणूस महिन्यातून एकदा जुळणी करतो, हे यंत्र रोज करणार. ऐकून सुकुमारचा ऊर भरून आला. आणि दुसऱ्याच क्षणी त्यानं डावा हात पाठीमागं घेतला.

पहिल्या दिवशी हातमोजा घालून त्यानं टिटवीचीच जुळणी केली. पद्मजा पडद्यापाशी, सन्मती आत पंपावर. डावी झाली, उजवी झाली. सवयीनं तो पाठ फिरवायला लागला आणि थबकला. उलटा हात लावला असता तर पडद्यावर एकाच झडपेचे दोन आकडे शेजारी-शेजारी आले असते, डाव्या हाताचा एक आणि उजव्याचा एक. आणि ते जुळले नसते.

"उलटा हात घ्यायचाय ना अण्णा?" पद्मजानं विचारलं.

"काही गरज नाही," तो म्हणाला. "जुन्या लोकांचे सोपस्कार ते. सरळ हातच पुरे."

"मामा, घेऊ या की, दोन मिनिटांचं काम," सन्मती आतून ओरडला.

"तू पंप मार रे, शहाणपणा नको शिकवू."

सगळे हसले. विषय तिथंच संपला. हाच तो गुन्हा, आणि करताना तो किती साधा वाटला होता!

वर्षाच्या शेवटी यंत्र तयार झालं. पद्मजानं त्याला काहीतरी इंग्रजी अक्षरा-आकड्यांचं नाव दिलं होतं, पण माळावर त्याला सगळे 'अण्णा' म्हणायला लागले. "अण्णा बसवला का?" "आमचा अण्णा एकदम झकास चाललाय." नाशिक, बारामती, हुबळी, कुठून कुठून मागण्या आल्या. दीड वर्षात दोनशे चौदा विमानांच्या पोटात सुकुमार मगदूमचे हात जाऊन बसले. खरा सुकुमार खुर्ची टाकून उन्हात बसायचा आणि लोक त्याच्या पाया पडून जायचे. फ्लॅप हातानं जुळवणारी बाकीची तुरळक माणसं दुसऱ्या धंद्याला लागली. त्याला वाटायचं, सुटलो. आता माझ्या बोटांची परीक्षा कुणी घेणार नाही.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, टिटवी उतरायला आली. आत सन्मती एकटाच. सुकुमार खुर्चीतून बघत होता. झडपा पूर्ण खाली, चाल संथ, सगळं रांगोळी काढल्यासारखं सुबक. आणि तेवढ्यात उसानं भरलेली एक ट्रॉली कुंपणाच्या मोडक्या भागातून धावपट्टीवर चढली. ट्रॅक्टरवाल्यानं कानात गाणी लावलेली. सन्मतीनं इंजिनाला पूर्ण ताण दिला, विमान उचललं आणि झडपा एकदम मिटल्या.

उजवी मिटली. डावी खालीच लोंबत राहिली. दोन सेकंद, फार तर अडीच. विमान उजव्या कुशीवर वळलं, पंखाचं टोक मातीला लागलं, आणि पुढचं सुकुमारला आठवत नाही. लोक सांगतात की तो खुर्चीसकट पडला होता आणि "डावी! डावी!" असं ओरडत होता.

सन्मती चौतीस वर्षांचा होता.

चौकशीला दिल्लीहून देवयानी खांडेपारकर नावाच्या अधिकारी आल्या. मूळच्या फोंड्याच्या, शांत आणि नेमक्या. तीन आठवडे त्यांनी माळावर तंबू ठोकला. सगळी 'अण्णा' बसवलेली विमानं तोवर जमिनीवर ठेवली होती. टिटवीच्या यंत्रातली नोंद त्यांनी ओळन् ओळ वाचली आणि एका दुपारी पद्मजाच्या घरी येऊन मसुदा समोर ठेवला.

"यंत्रात बिघाड सापडत नाही, पद्मजाताई. त्याला जसं शिकवलंय तसंच ते शेवटपर्यंत वागलंय. मग उरतो वैमानिक. झडपा टप्प्याटप्प्यानं मिटायच्या असतात, त्यांनी एकदम मिटल्या. सोमवारी अहवाल जाईल, आणि बाकीच्या विमानांना उडायची परवानगी मिळेल."

"एकदम मिटल्या तर विमान थोडं खाली बसतं," पद्मजा म्हणाली. "उलटत नाही. काहीतरी माझ्याकडून चुकलंय."

"आज गुरुवार. सोमवारच्या आत दाखवा, मी थांबवते."

पद्मजा पुन्हा पडद्यासमोर बसली. तीन आठवड्यांत ती निम्मी झाली होती. रडायचीसुद्धा नाही. तिची समजूत पक्की होती की नवऱ्याला तिच्या गणितानं मारलं, आणि ती चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधल्याशिवाय तिला सुतक संपवायचं नव्हतं. सुकुमार शेजारी नुसता बसून राहायचा. शुक्रवारी सकाळी तिनं पडदा त्याच्याकडं वळवला.

"अण्णा, हे बघा. वर्षभराच्या नोंदी आहेत. उजव्या झडपेवर तुमची बोटं जेवढी दाबतात त्याच्या दीडपट डावीवर दाबतात. प्रत्येक विमानात. का?"

त्याला जे कळायचं ते त्या क्षणी कळलं. ज्या बोटाला जाणवत नाही ते बोट जास्त दाबतं. आंधळा माणूस जसा जोरात काठी आपटतो, तसं. तो काहीतरी जाणवावं म्हणून दाबत होता, आणि हातमोजा लिहून घेत होता की डाव्या झडपेला एवढा विरोध लागतो तेव्हाच अण्णांचं समाधान होतं. मग यंत्र ते समाधान शोधत राहिलं. दर उड्डाणाला डावी वाट केसभर आवळायची, उजवी सोडायची. नेहमीच्या उतरण्यात झडपा सावकाश खाली येतात, तिथं फरक दिसायचा नाही. दिसणार होता तो फक्त एका घाईच्या क्षणी.

"अण्णा?"

"डावीकडची नळी लांब असते ना," त्याच्या तोंडून आलं. "पंप उजव्या बाजूला. लांब नळीत तेल जड लागतं. म्हणून दाबावं लागतं."

ऐकायला अगदी खरं वाटावं असं ते बोलणं होतं. चाळीस वर्षांच्या अनुभवाचं वजन त्यात होतं. पद्मजानं मान हलवली. "असंच असणार. मग तिथं चूक नाही," ती म्हणाली आणि त्या नोंदी बंद करून पुढच्या उघडायला लागली. सुकुमारला स्वतःची किळस आली.

तो घरी आला. स्वयंपाकघरात विमल भाकऱ्या थापत होती. तो पाटावर बसला आणि सगळं सांगून टाकलं. विमलनं तवा उतरवला, शेगडी बंद केली, पदरानं हात पुसले.

"तिला सांगू नका," ती म्हणाली.

"विमल, अगं, सोमवारी दोनशे तेरा विमानं उडणार. सगळ्यांच्या पोटात माझा डावा हात आहे."

"मग त्या बाईंना निनावी कळवा. यंत्र बंद करा म्हणावं. पण पद्मूला सांगू नका. नवरा गेलाय तिचा. आता बापही घालवायचाय का?"

"ती स्वतःला खुनी समजायलीय."

"समजू दे थोडे दिवस. माणूस स्वतःला माफ करतंय हळूहळू. तुम्हाला करणार नाही ती. मी ओळखते माझ्या लेकीला."

विमल चुकीचं बोलत नव्हती, हीच पंचाईत. सुकुमारनं भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. निनावी चिठ्ठीनं यंत्रं थांबली असती, पण सन्मतीच्या नावापुढं 'वैमानिकाची घाई' हे तसंच राहिलं असतं. आणि त्याची लेक ती न केलेली चूक जन्मभर शोधत बसली असती. आणि तो शेजारी बसून तिला पाणी देत राहिला असता. हे त्याच्यानं होणार नव्हतं. त्याला भीती फक्त एकाच गोष्टीची होती. पोरगी तोंड फिरवेल याची. साठ वर्षांच्या माणसाला इतकी भीती वाटू शकते हे त्याला माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी तो तिच्याकडं गेला. दारातच म्हणाला, "पद्मा, नळीचं मी खोटं बोललो."

ती वळली.

"डाव्या हाताची बोटं मेलीत माझी. अंगठा थोडा जिवंत आहे, बाकी चार नाहीत. डॉली धरून गेली. तुझ्या हातमोज्याच्या आधी तीन वर्षं. मी उलट्या हातानं निभावून न्यायचो. आणि हातमोज्याला उलटा हात दिला नाही, कारण तुला दिसलं असतं."

पद्मजा त्याच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघत होती.

"आईला माहीत होतं?"

"हो."

"सन्मतीला?"

"नाही. तो म्हणाला होता घेऊ या म्हणून. मीच..."

"तो पंपावर बसून हसला होता," पद्मजा म्हणाली. "मीपण हसले होते. तुम्ही त्याला गप्प केलंत म्हणून हसलो आम्ही."

"बाळ, चुकलं माझं. फार चुकलं."

"तुम्ही मला एकदा सांगायचं होतं, अण्णा. मी डाव्या बाजूला दुसरं काहीतरी केलं असतं. एक संध्याकाळचं काम होतं ते." आवाज अजिबात चढला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "घरी जा आता."

तो घरी गेला नाही. तो सरळ माळावर तंबूत गेला, खांडेपारकर बाईंना सगळं सांगितलं आणि जबाबावर सही केली. उजव्या हातानं. बाईंनी मसुद्यातली वैमानिकावरची ओळ त्याच्यासमोर खोडली. "यात तुमचं नाव येईल, मगदूमकाका," त्या म्हणाल्या. "येऊ दे," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत माळभर बोभाटा झाला. ज्यांनी पाया पडून पेढे दिले होते ते त्याच्याकडं न बघता गेले. त्याचं त्याला काही वाटलं नाही. ज्या एका माणसाचं वाटत होतं तिचा फोन आला नाही.

दहा दिवस आला नाही.

मग एका सकाळी पद्मजा घरी आली. हातात एक डबी आणि वही. विमल उठली तशी ती म्हणाली, "आई, तू जरा आत जा. मला अण्णांचा हात हवाय."

विमल आत गेली. पद्मजा समोर बसली आणि सभेत बोलावं तसं बोलायला लागली. दोनशे तेरा विमानं जमिनीवर खोळंबलीत. हातानं जुळवणारं आता कुणी उरलं नाही, यंत्र आलं तेव्हा सगळ्यांनी सोडलं. नव्यानं शिकवायला वर्ष जाईल, आणि शिकवणार कोण? पण जुन्या नोंदी वाचवता येतील. कुठलं बोट किती बधिर आहे हे नेमकं कळलं, तर त्यानं किती जास्त दाबलं ते वजा करता येईल. मग डाव्या हाताचा खरा दाब उरेल, बोटं जिवंत असती तर जेवढा असता तेवढा.

"पण आकडे खरे पाहिजेत," ती म्हणाली.

डबीत नायलॉनचे वीस धागे होते, केसाएवढ्यापासून दोऱ्याएवढ्या जाडीचे, प्रत्येक एका दांडीला लावलेला. जितका जाड धागा तितका तो बोटावर जास्त जोर देऊन मग वाकतो. कुठल्या धाग्याला जाणवायला लागतं त्यावरून बोट किती मेलंय ते कळतं. तिनं त्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, डावा हात टेबलावर उताणा ठेवला.

"जाणवलं की हो म्हणा. नाही तर गप्प बसा."

करंगळी. तो वाट बघत राहिला. काही नाही. तिनं पुढचा धागा घेतल्याचा आवाज आला, दांडी डबीवर वाजली. पुन्हा काही नाही. अनामिका. तिचा श्वास जवळ आला, म्हणजे आता लावत असणार.

"हो," तो म्हणाला.

तिनं दांडी खाली ठेवली.

"मी काहीच लावलं नव्हतं, अण्णा."

त्याला खोटं बोलायचं नव्हतं, आईशप्पथ नव्हतं. पण इतकी वर्षं त्यानं हेच केलं होतं. आवाज ऐकायचा, अंदाज बांधायचा आणि हो म्हणायचं. ती सवय आता त्याला न विचारता बोलत होती.

"परत घे," तो म्हणाला. "बोटाला कळल्याशिवाय बोलणार नाही मी."

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. एकेक बोट, वीस-वीस धागे, तीन-तीन वेळा. ती विचारायची, "आता?" आणि तो म्हणायचा, "नाही." "आता?" "नाही." एवढ्या वेळा 'नाही' त्यानं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. प्रत्येक वेळी वहीवर पेन चालल्याचा आवाज यायचा. अंगठ्याला सतराव्या धाग्याला त्याला काहीतरी समजलं, आणि तो "हो" म्हणाला तेव्हा त्याला रडू आलं, कारण ते खरं होतं.

"आता शेवटची फेरी," ती म्हणाली. "चारही बोटं मिळून. हलू नका."

तो हलला नाही. बाहेर दूधवाल्याची गाडी आली आणि गेली. आत विमलनं कसलंसं भांडं ठेवलं. तो वाट बघत होता. धाग्याचा आवाज नाही, पेनाचा नाही. त्याला वाटलं, ती उठून गेली. गेली असेल तर तिचं बरोबरच आहे, असंही वाटलं.

"पद्मा?" तो म्हणाला. "सुरू कर की."

त्यानं उजव्या हातानं टॉवेल वर सरकवला.

पद्मजानं त्याची चारही बोटं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली होती आणि त्यांवर कपाळ टेकवलं होतं. तिचे खांदे हलत होते. बोटं भिजलेली होती, टेबलावर ओल पसरली होती. तीन आठवड्यांचं आणि दहा दिवसांचं सगळं तिथं सांडलं होतं.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"बराच वेळ झाला," ती म्हणाली. मग तिनं त्याचा हात खाली ठेवला, डोळे पुसले, वही ओढली आणि चारही बोटांपुढं 'नाही' असं लिहिलं.